येट्सची सॉल्टरी : खंडित परंपरेचा खर्च

१० जून १९०२ रोजी लंडनमधील क्लिफर्ड्स इन येथे डब्ल्यू. बी. येट्सने एक जाहीर व्याख्यान दिले. तंतुवाद्याच्या साथीने कविता कशी म्हणावी, हा त्याचा विषय होता. फ्लॉरेन्स फार या अभिनेत्रीने प्रत्यक्ष कविता म्हणून दाखवल्या. वाद्याचा कर्ता आर्नल्ड डॉल्मेच हाही या उपक्रमात सहभागी होता. या व्याख्यानातून जमणारा पैसा कवीसाठी नव्हता. ही नवी कला शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना विकत घेता येतील अशी सॉल्टरी-वाद्ये तयार करण्यासाठी एक निधी उभारावा, हा त्यामागचा हेतू होता.

येट्सच्या अभ्यासात या प्रसंगाला सहसा तळटीपेपलीकडे स्थान मिळत नाही. त्याचा काव्यविचार, त्याचे नाट्यप्रयोग आणि आयर्लंडच्या पुनरुत्थानातील त्याचे कार्य यांवर विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्याला वाद्यासाठी वर्गणी का गोळा करावी लागली, हा प्रश्न किरकोळ मानला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न किरकोळ नाही. प्राचीनाकडे परतण्याची भाषा करणाऱ्या प्रत्येक वाङ्मयीन चळवळीला तो कधी ना कधी भेटतोच.

येट्सची भूमिका 'स्पीकिंग टू द सॉल्टरी' या निबंधात आली आहे. हा निबंध मे १९०२ मध्ये 'द मंथली रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाला आणि पुढे 'आयडियाज ऑफ गुड अँड ईव्हिल' (१९०३) या संग्रहात समाविष्ट झाला. मैफलीतील गाणे शब्द गिळून टाकते आणि कवितेची स्वतःची लय संगीतकाराच्या लयीखाली चिरडली जाते, ही त्याची तक्रार होती. दुसरीकडे, छापील पानावरची मुकी कविताही त्याला अपुरी वाटत होती. गाणे आणि बोलणे यांच्या मधली एक वाट त्याला हवी होती. शब्द बोललेच जावेत, पण त्यांची पट्टी निश्चित असावी आणि तारेच्या एकेका स्वराने तिला आधार द्यावा, अशी ही कल्पना होती. प्राचीन चारणांची रीत अशीच असली पाहिजे, असे त्याने मनाशी धरले होते. गंमत अशी की, येट्सला स्वतःला संगीताचा कान जवळजवळ नव्हता आणि हे तो लपवतही नसे.

सॉल्टरी हे मध्ययुगीन युरोपातील वाद्य. चपट्या लाकडी पेटीवर ताणलेल्या मोकळ्या तारा बोटांनी छेडायच्या, अशी त्याची रचना. आपल्याकडे गायक मांडीवर घेऊन छेडतात त्या स्वरमंडळाशी तिचे जवळचे नाते आहे. तथापि १९०१ मध्ये डॉल्मेचने फ्लॉरेन्स फारसाठी जे वाद्य घडवले, ते कोणत्याही जुन्या नमुन्याची तंतोतंत नक्कल नव्हते. येट्सनेच त्याचे वर्णन अर्धी सॉल्टरी, अर्धा लायर अशा आशयाचे केले आहे. बोलण्याच्या आवाजाच्या टप्प्यात येणारे सर्व स्वर त्यात असावेत, अशी ती योजना होती. म्हणजे ज्या वाद्याच्या साहाय्याने होमरच्या काळाकडे परतायचे होते, ते मुळात विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षी, एका विशिष्ट गरजेसाठी, एका कारागिराने नव्याने निर्माण केलेले होते. ते जुन्या बाजारात मिळणारे नव्हते, त्यामुळे स्वस्तही नव्हते.

या कारागिराची हकिगत या संदर्भात लक्षणीय आहे. डॉल्मेचचा जन्म १८५८ चा, फ्रान्समधील ल मां येथला. इंग्लंडमध्ये तो व्हायोलिनचा शिक्षक होता. ब्रिटिश म्युझियममधील जुनी हस्तलिखिते चाळताना त्याला व्हायोलसाठी लिहिलेले विस्मृत संगीत सापडले, आणि ते ज्या वाद्यांसाठी लिहिले गेले त्याच वाद्यांवर ऐकले पाहिजे, या ध्यासाने त्याला पछाडले. ती वाद्ये एकतर मोडकी होती किंवा उपलब्धच नव्हती. म्हणून तो ती दुरुस्त करू लागला आणि पुढे घडवू लागला. विल्यम मॉरिसच्या सूचनेवरून १८९६ च्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स प्रदर्शनासाठी त्याने हार्प्सिकॉर्ड बनवला. जॉर्ज मूरने 'एव्हलिन इन्स' (१८९८) या कादंबरीतील नायिकेच्या पित्याचे पात्र त्याच्यावरूनच बेतले. वाङ्मयीन वर्तुळात एवढा मान असलेला हा माणूस १९०१ मध्ये दिवाळखोर ठरला. त्याच वर्षी त्याने फारची सॉल्टरी घडवली, हे लक्षात घेतले की पुढल्या वर्षीच्या निधीची निकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

येट्सनंतर दोनच वर्षांनी दुसरा एक आयरिश तरुण डॉल्मेचकडे वळला. १९०४ च्या उन्हाळ्यात जेम्स जॉइसच्या मनात एक बेत घोळत होता : डॉल्मेचकडून ल्यूट करून घ्यावे आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याने जुनी इंग्रजी गीते गात फिरावे. जॉइसचा गळा चांगला होता, खिसा मात्र रिकामा होता. डॉल्मेचने नकार कळवला. ल्यूट मिळणे दुर्घट, महाग आणि वाजवायलाही कठीण, असे सांगून त्याने पट्ट्यांचे एखादे साधे जुने वाद्य सुचवले. बेत तिथेच संपला, पण जॉइस तो विसरला नाही. 'युलिसिस' (१९२२) मध्ये १६ जून १९०४ च्या त्या दीर्घ दिवसाच्या अखेरीस स्टीफन ब्लूमशी बोलताना जुन्या गीतांचा आणि डॉल्मेचकडून घ्यावयाच्या ल्यूटचा उल्लेख करतो. तिथे किंमतही दिलेली आहे : पासष्ट गिनी, म्हणजे अडुसष्ट पौंड पाच शिलिंग. दुसऱ्याच्या बिऱ्हाडी राहून उसनवारीवर दिवस काढणाऱ्या स्टीफनच्या तोंडी हा आकडा यावा, यात जॉइसचा सारा उपरोध सामावला आहे. येट्सने जी अडचण व्याख्यान देऊन सोडवू पाहिली, तिची जॉइसने कादंबरीत केवळ नोंद करून ठेवली.

एझरा पाउंडला मात्र वाद्य मिळाले. डॉल्मेचने घडवलेला क्लॅव्हिकॉर्ड त्याच्या संग्रही होता. डॉल्मेचचा सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीताच्या सादरीकरणावरचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाउंडने १९१७ मध्ये 'द इगोइस्ट'मधील लेखात त्याचा आधार घेऊन मुक्तछंदाची बाजू मांडली. जुने संगीतकार तालाच्या आड्याला बांधलेले नव्हते, मग कवीने का बांधून घ्यावे, असा त्याचा रोख होता. एका कारागिराच्या कार्यशाळेतून आधुनिक कवितेच्या छंदविचारापर्यंत वाट जाते ती अशी.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक गोष्ट चटकन जाणवेल. शब्दाला स्वराचा आधार द्यावा, पण शब्द बुडू देऊ नये, हा आदर्श आपल्याला नवा नाही. कीर्तनकाराची वीणा, वारकऱ्याची एकतारी, शाहिराचे तुणतुणे ही वाद्ये तेच काम करीत आली. त्यांच्यासाठी कोणा कवीला सभागृह घेऊन निधी जमवावा लागला नाही. कारण वाद्य करणारा, वाजवणारा आणि ऐकणारा हे तिघेही एकाच जगात नांदत होते. इंग्रजीत हा धागा तुटलेला होता. सॉल्टरी करणारा सुतार उरला नव्हता, ती शिकवणारा गुरू नव्हता आणि ती ऐकण्याची सवय असलेला श्रोताही नव्हता. जिवंत परंपरेत वाद्याचा खर्च समाज नकळत भागवत असतो. परंपरा खंडित झाली की तोच खर्च एका माणसाच्या अंगावर येतो. येट्सची वर्गणी, जॉइसच्या पासष्ट गिनी आणि डॉल्मेचची दिवाळखोरी ही एकाच हिशेबाची तीन पाने आहेत.

वाद्य मिळाले तरी उरलेल्या दोन उणिवा निधीने भरून निघण्यासारख्या नव्हत्या. बर्नार्ड शॉसारख्या जाणकाराला हा प्रकार मुळीच पटला नाही. फारने चिकाटीने प्रयोग केले, १९०७ मध्ये अमेरिकेचा दौरा केला, १९०९ मध्ये 'द म्युझिक ऑफ स्पीच' ही पुस्तिका काढली. १९१२ मध्ये ती सिलोनला एका मुलींच्या शाळेची जबाबदारी घेण्यासाठी निघून गेली आणि १९१७ मध्ये तिथेच वारली. तिच्या जाण्याने येट्सच्या कलेचा सर्वांत समर्थ आवाज हरपला. बोलण्याची ही रीत एकाच कंठात राहत होती. कंठ गेला आणि रीतही गेली. डॉल्मेचचे मात्र निराळे झाले. १९०५ पासून बॉस्टनच्या चिकरिंग कंपनीत व नंतर पॅरिसच्या गाव्हो कंपनीत त्याला पगार, कारागीर आणि सुसज्ज कार्यशाळा मिळाली. १९१७ मध्ये तो हॅझलमिअर येथे स्थायिक झाला, १९२५ मध्ये तिथे त्याचा संगीतोत्सव सुरू झाला, १९२८ मध्ये त्याच्या कार्याला पाठबळ देण्यासाठी डॉल्मेच फाउंडेशन स्थापन झाले आणि १९३७ मध्ये सरकारी निवृत्तिवेतनही मिळाले. १९४० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या कुटुंबात वाद्ये करणारी आणि वाजवणारी पुढची पिढी तयार होती.

दोघांच्या फलश्रुतीतील हा फरक केवळ दैवाचा नव्हे. येट्सने एका वाद्यासाठी पैसा मागितला. डॉल्मेचला अखेरीस जो पैसा मिळाला, तो वाद्याबरोबर ते करणारे हात आणि ऐकणारे कान घडवण्याच्या कामी आला. तरीही १९०२ चे ते व्याख्यान वाया गेले असे म्हणता येत नाही. शब्द मोठ्याने उच्चारला जावा, आणि तो उच्चार हेच नाटकाचे मुख्य द्रव्य असावे, हा येट्सचा आग्रह त्याच्या पुढील पद्यनाटकांत शेवटपर्यंत टिकला. ती नाटके वाचताना त्या न उमटलेल्या तारेची आठवण ठेवली, तर त्यांतील अनेक ओळी इतक्या हळू आणि इतक्या सरळ का चालतात, याचा थोडा उलगडा होतो.