बौद्धवाड्यातलं वामनदादांचं गाणं

आपल्या दिंडीचे विणेकरी, चालक, अन्नदाते यांच्याविषयी या अंकात बाकीच्यांनी लिहिलं आहे. आम्ही दिंडीतून गेलेल्या माणसांचं लिहितो.

जुनी माणसं सांगत, महारवाड्यातली चार घरं आषाढीला निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आपल्या दिंडीत चालायची. पण पार मागं, अन् पंगत वेगळी. पंढरीत त्यांची वारी महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशी संपायची. 2 मार्च 1930 ला नाशकात काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार काही उघडलं नाही. 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्म सोडायचं जाहीर केलं. 1947 ला साने गुरुजींच्या उपोषणानं पंढरीचं मंदिर खुलं झालं, आमच्या पंगती तशाच राहिल्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली अन् पुढच्या आषाढीला ती चार घरं आली नाहीत. त्यात दिंडीचा सगळ्यात चांगला पखवाजी होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी कळलं, बौद्धवाड्यात वामनदादा कर्डक येणार. दादा आपल्याच सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे, जन्म 1922 चा. त्यांची गाणी लग्नात, जयंतीला कर्ण्यावर ऐकून आम्हाला चालीसकट पाठ होती, माणूस पाहिला नव्हता. जावं का, म्हणून विणेकरी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "थांबा, मी पण येतो."

समाजमंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली. गॅसबत्ती, पेटी, ढोलकी, चाळीसेक माणसं. गळ्यात माळा बघून कुजबुज झाली. मग त्या जुन्या पखवाज्यानंच सरकून बाबांना जागा दिली.

दादा एक कडवं म्हणायचे, थांबायचे, साध्या बोलीत दोन शब्द सांगायचे, अन् तीच ओळ वरच्या सुरात उचलायचे. आम्ही कीर्तनात दुसरं काय करतो? फरक एवढाच, आमच्यामागं टाळकरी धरतात, तिथं अख्खी वस्ती धरत होती, लेकुरवाळ्या बायकासुद्धा. गाणी बाबासाहेबांची, कष्टकऱ्यांची, जातीच्या जाचाची. देवाधर्मावर चार बोल असे आले की आमच्यातले दोघं चुळबुळले. बाबा मात्र मान डोलावत शेवटपर्यंत बसले. या माणसाला लहानपणी शाळा नाही, मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकला अन् हजारो गाणी रचली. आम्ही चौथी शिकलेले, आम्हाला एक चाल धड बसवता येत नाही!

पुढं कोणी म्हणेल, त्या रात्रीनंतर वेगळी पंगत बंद झाली. तसं नाही. ती 1957 पासून रिकामीच होती. ती घरंही दिंडीत परत आली नाहीत, त्यांनी का यावं? पण बाबा अन् तो पखवाजी पुन्हा बोलू लागले. दोन वर्षांत त्यानं आपल्या ओट्यावर बसवून दिंडीच्या दोन पोरांना पखवाज शिकवला. शिकवायचा, पण "वारीला चला" म्हटलं की हसून पान लावायला घ्यायचा.

वामनदादा 15 मे 2004 ला गेले, पखवाजी त्याच्या आधी. आज दिंडीत जो हात वाजतो, तो त्याचाच. वादकांच्या वहीत त्याचं नाव नाही. घरच्यांची संमती घेऊन ते नाव यादीत घालावं, असा अर्ज आम्ही मंडळाकडं दिला आहे.