गेमच्या राखणदाराची कुळी

गडमुडशिंगीसारख्या गावात बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच असतो. मुलगा त्यावर व्हॅलोरंट खेळतो, वडील सातबारा काढतात आणि ऊसबिल जमा झालं का ते बघतात. व्हॅलोरंटबरोबर ‘व्हॅनगार्ड’ नावाचा राखणदार येतो. चीट वापरणारा खेळाडू हुडकणं हे त्याचं काम. पण गेम उघडो न उघडो, 2020 पासून तो विंडोजबरोबरच जागा होतो आणि थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो. तिथून कॉम्प्युटरची सगळी मेमरी आणि सगळे प्रोग्राम आवाक्यात येतात. खेळाच्या पंचाला एवढा अधिकार कुठून मिळाला, याचा माग काढताना मी एका गाण्याच्या सीडीपाशी पोचलो.

सुरुवातीचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. 2000 साली ‘पंकबस्टर’ हा राखणदार आला, 2002 साली व्हॅल्व्ह कंपनीचा ‘व्हॅक’. खरी कथा सुरू होते 2005 च्या ऑक्टोबरात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा राखणदार ‘वॉर्डन’ खेळाडूच्या इतर उघड्या खिडक्यांची शीर्षकंही वाचतो, हे ग्रेग हॉग्लंड या तज्ज्ञाने तेव्हा उघड केलं. खाजगीपणाचा वाद पेटला. त्याच महिन्याच्या 31 तारखेला मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञाने दुसरा स्फोट केला. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की कॉपी रोखणारा एक रूटकिट गुपचूप बसत होता. डॉलरचं चिन्ह, ‘एसवायएस’ आणि पुन्हा डॉलर अशी ज्या फाइलच्या नावाची सुरुवात, ती फाइल तो विंडोजपासूनच लपवायचा. कुणाची फाइल, हे मात्र तो विचारत नव्हता.

काही दिवसांतच वॉरक्राफ्टमधल्या चीटवाल्यांनी आपल्या फाइलींना तसंच नाव दिलं. वॉर्डनला त्या दिसेनात. गाणी राखायला खणलेलं भुयार खेळातल्या चोरांना आयतंच मिळालं.

माझं ठाम मत असं, की आजच्या राखणदाराचा मूळपुरुष हा प्रसंग आहे. वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्याला तळघरातला चोर दिसत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मग राखणदारानेही तळघरात, म्हणजे कर्नलमध्ये, उतरायचं, हा युक्तिवाद तिथून अटळ झाला.

याला दोन प्रतिवाद आहेत. पहिला म्हणतो, हे सगळं अँटिव्हायरसचं वाण आहे. तंत्र तिथलंच, हे मान्य. पण अँटिव्हायरस मालकाच्या वतीने बाहेरच्यावर नजर ठेवतो, तर गेमचा राखणदार खुद्द मालकावरच. मालकावरचा हा संशय सोनीच्या सीडीकडून आलेला आहे. दुसरा प्रतिवाद कोरियाचा, आणि तो वजनदार आहे. तिथल्या ‘एनप्रोटेक्ट गेमगार्ड’ने सोनीच्या आधीच कर्नल गाठलं होतं. कालक्रमात कोरिया पुढे आहे. तरी पाश्चात्त्य कंपन्यांना भीती घातली ती 2005 च्या नोव्हेंबरने, असंच मी म्हणेन.

या कुळाचा स्वभाव पुढच्या पिढ्यांत टिकला. 2013 मध्ये ‘ईएसईए’ या स्पर्धा-सेवेच्या अँटिचीटमधूनच सुमारे 14,000 कॉम्प्युटरांवर बिटकॉइन काढले गेले. 2016 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 5’च्या राखणदाराने कुठल्याही प्रोग्रामला कर्नलचं दार उघडून दिलं; कॅपकॉम कंपनीला तो अपडेट मागे घ्यावा लागला. 2022 मध्ये तर वर्तुळच पुरं झालं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चा राखणदार-ड्रायव्हर उचलून खंडणीखोरांनी त्याच्याकरवी अँटिव्हायरस बंद पाडला. त्याच्यावरची सही वैध असल्याने विंडोजने तो मुकाट चालवला. ज्यांच्याकडे तो गेम नव्हता, तेही सुरक्षित नव्हते, कारण हल्लेखोर तो ड्रायव्हर स्वतःच बरोबर आणत. सोनीच्या भुयारात चोर लपले. गेन्शिनच्या राखणदाराने दुसऱ्या राखणदारालाच गप्प केलं.

राखण नकोच, असं कुणी म्हणू नये. 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर ‘वर्ड’ नावाखाली दडवलेला चीट सापडला. संघ बाद झाला आणि पुढे मोडला. प्रामाणिक सहकाऱ्यांची मेहनत एका फाइलपायी वाया गेली. पण स्पर्धेच्या मंचावरची झडती वेगळी आणि घरच्या कॉम्प्युटरवरचा अष्टौप्रहर पहारा वेगळा.

भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो, की संमती सांगितलेल्या कामापुरती आणि गरजेपुरत्या माहितीचीच. तोच नियम राखणदाराच्या वावरालाही लागू व्हावा: गेमबरोबर त्याने यावं, गेमबरोबर जावं, आणि काय पाहिलं ते साध्या मराठीत सांगावं. हे अशक्य नाही. जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख कॉम्प्युटर कोसळले. त्यानंतर सुरक्षा-सॉफ्टवेअर कर्नलबाहेरूनही चालावं, यासाठी मायक्रोसॉफ्ट कामाला लागलं. बँका आणि विमानतळ सांभाळणारे तळघर सोडू शकत असतील, तर खेळाच्या पंचाला तिथे ठाण मांडायचं कारण उरत नाही. तोवर गेम काढताना व्हॅनगार्डही वेगळा काढावा. गेमबरोबर तो आपोआप जात नाही.