न्यूरेंबर्गचे पाउमगार्टनर

न्यूरेंबर्ग म्हटले की आपल्याला दुसऱ्या महायुद्धानंतरचा खटला आठवतो. पण सोळाव्या शतकात दक्षिण जर्मनीतले हे शहर व्यापारासाठी नावाजलेले होते. कारभार मोजक्या कुलीन घराण्यांच्या हाती असे. नगरसभागृहातल्या नृत्यसमारंभाला कोणत्या घराण्यांना प्रवेश, हेसुद्धा १५२१ मध्ये नियम करून ठरवले गेले. अशाच घराण्यांतल्या एका जोडप्याविषयी मी आज बोलणार आहे.

बाल्थाझार पाउमगार्टनर (१५५१-१६००) हा व्यापारी, आणि माग्दालेना बेहाइम (१५५५-१६४२) ही त्याची पत्नी. १५८२ मध्ये त्यांचे लग्न ठरले, १५८३ मध्ये झाले. बाल्थाझारचा व्यापार इटलीतल्या लुका शहराशी होता. तिकडचे उंची कापड आल्प्स ओलांडून जर्मनीत यायचे. फ्रँकफर्टला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठी व्यापारी जत्रा भरे. तिथे माल विकायचा, देणी-घेणी मिटवायची. त्यामुळे हा गृहस्थ वर्षातले कित्येक महिने घराबाहेरच असायचा.

या दुराव्यातूनच एक ठेवा आपल्याला मिळाला. १५८२ ते १५९८ या काळातली दोघांची १६९ पत्रे टिकून राहिली. ती १८९५ मध्ये छापली गेली, आणि १९८६ मध्ये स्टीव्हन ओझमेंट या अमेरिकी इतिहासकाराने त्यांवर पुस्तक लिहिले.

ही पत्रे वाचताना मला सर्वांत जास्त जाणवते ती माग्दालेनाची कर्तबगारी. ती नुसती वाट पाहत बसलेली नाही. आलेला माल ती ताब्यात घेते, गिऱ्हाइकांकडे पोहोचवते, थकलेले पैसे वसूल करते, आणि सगळे नवऱ्याला कळवते. त्याच कागदावर गावातली लग्ने, आजारपणे, कुजबुजसुद्धा येते. नवऱ्याला ती प्रेमाने आडनावानेच हाक मारते. पेढी आणि संसार तिच्यापाशी वेगळे नव्हतेच.

१५८४ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव वडिलांचेच, बाल्थाझार. लिहिता येऊ लागल्यावर तोही वडिलांना पत्रे धाडू लागला. येताना काय काय आणायचे, याची मागणी त्यात असे. हा एकुलता एक मुलगा १५९२ मध्ये दीर्घ आजाराने गेला. नंतरच्या पत्रांत दोघे ईश्वरेच्छेचा आधार घेत एकमेकांना सावरतात. पण जत्रा थांबत नाही, माल थांबत नाही. शोक आणि हिशेब एकाच पत्रात शेजारी शेजारी येतात. आपल्याला ते विचित्र वाटेल. मला मात्र त्यात कोरडेपणा दिसत नाही. ज्या कामात दोघे जोडलेले होते, तेच त्यांनी धरून ठेवले.

१६०० मध्ये बाल्थाझार वारला. माग्दालेना त्याच्यामागे ४२ वर्षे जगली. तीस वर्षांचे युद्ध पेटले, १६३२ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ आणि सम्राटाचा सेनापती वालेनश्टाइन यांच्या फौजा न्यूरेंबर्गपाशी समोरासमोर तळ ठोकून बसल्या, उपासमार आणि रोगराईने शहर पोळले. तेही तिने पाहिले.

नृत्याच्या नियमात घराण्यांची नोंद झाली. पण त्या घराण्यांचा व्यापार घरात बसून कोण सांभाळत होते, हे कळायला एका पत्नीची पत्रे जपली जावी लागली. आपल्याकडच्या जुन्या पेट्यांमध्येही असे कागद असतील. रद्दीत टाकण्यापूर्वी ते एकदा वाचून पाहावेत, एवढेच माझे सांगणे.