राजगडाची सावली : अँटेना, डोंगर आणि हिरवा नकाशा

गेल्या आठवड्यात एका मोबाईल कंपनीचा कव्हरेज नकाशा उघडून बसलो होतो. आमचं गाव त्यात हिरवंगार. म्हटलं वा! लगेच चुलतभावाला फोन लावला. लागला नाही. संध्याकाळी त्याचाच आला, म्हणाला, "दादा, देवळामागच्या टेकाडावर चढून बोलतोय. घरात एक काडीपण येत नाही."

ते टेकाड ऐकलं आणि थेट १९८७ साल आठवलं. त्या वर्षी आमच्या आप्पांनी बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि ट्रॅक्टरची बॅटरी उचलून त्याच टेकाडावर नेली होती. रामायण सुरू होतं. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी अख्खा देश टीव्हीसमोर बसलेला, आणि आमच्या घरात अँटेना कुठंही फिरवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. वरच्या टेकाडावर मात्र राम-लक्ष्मण ओळखू येण्याइतपत दिसायचे. म्हातारीकोतारी माणसं काठी टेकत चढायची. आम्हा पोरांना वाटायचं, टेकाडावर देऊळ आहे म्हणून तिथं दिसतं.

आमचं गाव राजगडाच्या दक्षिणेला, वेळवंडीच्या खोऱ्यात. टीव्हीचा मनोरा सिंहगडावर. खरं कारण या दोन वाक्यांतच आहे, पण ते आकड्यांत बघायला मला तीसेक वर्षं लागली.

थोडा मागचा इतिहास. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झाली. दुसरं केंद्र मुंबईचं, २ ऑक्टोबर १९७२ चं. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, पुण्यासाठी सिंहगडावरून मुंबईचा कार्यक्रम सहक्षेपित होऊ लागला. सिंहगडच का? गड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पुणं साधारण ५६०. म्हणजे साडेसातशे मीटरचा मनोरा निसर्गानंच बांधून ठेवलेला. रेडिओ इंजिनिअरांचा एक साधा हिशेब आहे : उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, जे येईल तेवढ्या किलोमीटरवर त्या लहरींचं क्षितिज. ७५० चा हिशेब केला तर ११० च्या पुढे जातो. कागदावर पुणे जिल्ह्याचा बराच मोठा भाग आणि शेजारच्या जिल्ह्यांचेही तुकडे आत आले.

पण हा हिशेब सपाट जमिनीचा आहे, आणि मावळात सपाट असं काय आहे?

काही वर्षांपूर्वी इंटरनेटवरची एक मोफत सोय हाताला लागली. नकाशावर दोन टाचण्या लावायच्या, एक मनोऱ्यावर, एक घरावर. मधल्या जमिनीचा उभा छेद समोर येतो, पृथ्वीच्या वक्रतेसकट. सिंहगड ते आमचं घर, जेमतेम वीस किलोमीटर. मधे पंधरा किलोमीटरवर राजगड, बालेकिल्ला १३७६ मीटर, म्हणजे खुद्द सिंहगडापेक्षा उंच. मनोऱ्यापासून घरापर्यंत सरळ रेषा काढली तर राजगडापाशी ती समुद्रसपाटीपासून सुमारे ८३० मीटरवर येते. डोंगर त्या रेषेच्या पाचशे मीटर वर उभा. रेषा बालेकिल्ल्याऐवजी माचीवरून गेली असं धरलं तरी फरक काही पडत नाही. शिवरायांनी राजगड राजधानीसाठी निवडला तो मागचं काही दिसू नये म्हणूनच की काय, असं वाटून हसू आलं.

मग टेकाडावर कसं दिसायचं? लहर डोंगराच्या धारेवरून थोडी वाकते. जितकं खोल सावलीत जाल तितका कोन मोठा आणि सिग्नल कमी. टेकाडावर चढलं की तो कोन थोडा कमी होतो, तेवढंच. शिवाय नुसती रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवती लांबट भोपळ्यासारखी जागाही मोकळी लागते. वीस किलोमीटरच्या अंतरात ६० मेगाहर्ट्झला त्या भोपळ्याची मधोमध त्रिज्या १६० मीटरच्या आसपास, ५०० मेगाहर्ट्झला ५५. जुन्या टीव्हीच्या लांब लहरी डोंगराला वळसा घालायला बऱ्या, नव्यांचं तसं नाही.

हा सगळा अंदाज बांधण्याची विद्या आजची नाही. अमेरिकेत बोल्डर इथल्या सरकारी प्रयोगशाळेत अनिता लाँगली आणि फिलिप राइस यांनी १९६८ साली उंचसखल प्रदेशातला सिग्नल संगणकावर काढायची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जपानमध्ये ओकुमुरांनी टोकियो परिसरात गाडी फिरवून घेतलेली मोजमापं छापली, १९८० मध्ये हातांनी त्यांची सूत्रं केली. पद्धत होती, संगणक आले, पण जमिनीची उंची कुठून आणायची? आपल्याकडे टोपोशीटवरच्या समोच्च रेषा बघून, हातानं आलेख काढायचा. ते कोडं फेब्रुवारी २००० मध्ये सुटलं. एंडेव्हर यान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं, ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून रडारनं जवळपास ८० टक्के जमीन मोजली, आणि पुढे तो डेटा फुकट खुला झाला. आधी आपल्या भागासाठी ९० मीटरच्या चौकोनांत, २०१४ नंतर ३० मीटरच्या. कॅनडातल्या रॉजर कुडे या हौशी रेडिओवाल्यानं 'रेडिओ मोबाइल' नावाचा प्रोग्राम लिहून तो जगाला वापरायला दिला. आज मी चहा पितापिता जे काढतो त्यामागे हे सगळे आहेत.

जाताजाता एक गोष्ट. आपल्या छपरावरची ती काड्यांची अँटेना 'यागी' म्हणून ओळखली जाते. १९२६ सालची जपानी कल्पना, आणि त्यात मोठं काम यागींच्या सहकाऱ्याचं, शिंतारो उदा यांचं. नाव मात्र यागींचं झालं. हे उदा १९५५ ते १९५८ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत येऊन राहिले होते. आपण त्यांना विसरलो, असो.

या अंदाजांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? नाही. रडारला जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं दिसतात. ९० मीटरच्या चौकोनात राजगडासारखा टोकदार माथा बोथट होतो. आणि हवेचा तर भरवसाच नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत २०० मेगाहर्ट्झचं एक रडार होतं. उन्हाळ्यात त्याला हजाराहून जास्त मैलांवरच्या अरबस्तानचे प्रतिध्वनी मिळायचे! समुद्रावरच्या गरम-गार हवेच्या थरांत लहर नळीत सापडल्यासारखी अडकते आणि क्षितिजापलीकडे जाते. म्हणून जाणकार अंदाज टक्क्यांत सांगतात. अमेरिकेत डिजिटल टीव्हीचं क्षेत्र ठरवताना निकष धरला तो असा : ५० टक्के ठिकाणी, ९० टक्के वेळ. म्हणजे त्या क्षेत्राच्या कडेला दोन घरांपैकी एकाला दिसणार नाही हे गृहीतच आहे. नकाशावर मात्र दोन्ही घरं एकाच रंगात.

डिजिटलमध्ये हे जास्त बोचतं. जुन्या टीव्हीत मुंग्या यायच्या, चित्र डबल व्हायचं, पण काहीतरी दिसायचं. डिजिटलला मधलं काही नाही. एका पातळीपर्यंत चित्र स्वच्छ, त्याखाली चौकोन चौकोन आणि मग काळा पडदा. म्हणूनच अमेरिकेनं १२ जून २००९ ला आणि ब्रिटननं ऑक्टोबर २०१२ पर्यंत जुनं प्रक्षेपण बंद केलं तेव्हा लोकांसाठी अशी साधनं खुली ठेवली. ब्रिटनमध्ये पिनकोड आणि घर क्रमांक टाकला की कोणता मनोरा, कुठली वाहिनी मिळायची शक्यता आहे, हे समजतं. दऱ्याखोऱ्यांसाठी हजाराहून जास्त छोटे सहक्षेपक तिथं उभे होते. अंदाज चुकला तर माणूस निदान बोट ठेवून विचारू शकतो.

आपल्याकडे १९८४ साली दिवसाला एक ट्रान्समीटर अशा वेगानं काम झालं, ती कामगिरी छोटी नव्हती. पुढे दूरदर्शनच्या अहवालांत वाक्य ठरलेलं असायचं : ९२ टक्के लोकसंख्या, ८१ टक्के भूभाग. उरलेले ८ टक्के कोण, ते आम्हाला विचारा. २५ फेब्रुवारी २०१६ ला डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं. २०१७ मध्ये 'ट्राय'नं देशभर डिजिटल करून २०२३ अखेर जुनं बंद करावं अशी शिफारस केली. झालं उलटंच. डिजिटल पसरायच्या आत मार्च २०२२ पर्यंत जुने ट्रान्समीटर बंद करायचं ठरलं, मोक्याच्या जागचे पन्नासेक सोडून.

आमच्या खोऱ्याचं त्यात काही बिघडलं नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत छत्री सेवा आली. तो उपग्रह आमच्याकडून आग्नेयेला, जवळपास ६० अंश वर, आणि राजगड उत्तरेला. सावलीचा प्रश्नच मिटला. जे काम मनोऱ्याला पन्नास वर्षं जमलं नाही ते दोन फुटी थाळीनं केलं. आप्पांनी पहिल्यांदा घरात बसून स्वच्छ चित्र पाहिलं, आणि चॅनेल बदलून झोपले.

पण मोबाईलला थाळी नाही. मनोरा जमिनीवरच हवा आणि तिथं पुन्हा तेच डोंगर. 'ट्राय'च्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण नकाशावर हिरवा दिसणारा ठिपका हा अशाच मॉडेलनं काढलेला अंदाज असू शकतो, प्रत्येक घरात जाऊन केलेली मोजणी नव्हे. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं सिग्नल नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. कागदावर ज्या गावात सिग्नल आहे ते अशा यादीत कशाला बसेल? गेल्या पावसाळ्यात गावात एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा गाडीला फोन करायला पोरगं भर पावसात टेकाडावर पळालं होतं. गाडी आली, सगळं ठीक झालं. पण ते पोरगं घसरलं असतं तर?

येत्या ग्रामसभेसाठी मी तीन कागद काढलेत. एक, कंपनीच्या नकाशाचा फोटो. दोन, जवळच्या मोबाईल मनोऱ्यापासून गावापर्यंतचा उभा छेद, मधल्या डोंगरासकट. तीन, वाडीतल्या २२ घरांत फोन हातात धरून चुलतभावानं लिहून घेतलेले आकडे, घरात, अंगणात आणि टेकाडावर, वेळेसकट. ठराव या तिन्हींसकट तहसील कार्यालयात जाणार आहे.

भोर-वेल्ह्यातल्या कुणाला आपल्या वाडीचा छेद काढून हवा असेल तर वाडीचं नाव आणि जवळचा मनोरा कुठल्या गावात आहे तेवढं खाली लिहा. रविवारी बसून काढतो. घरातले आकडे मात्र तुमचे तुम्हाला मोजावे लागतील.