सादरीकरण, सचित्र

तोंडी विवेचनाला पडद्यावर क्रमाने दाखविल्या जाणाऱ्या चित्रांची जोड देऊन एखादा विषय श्रोत्यांपुढे मांडण्याची पद्धती. अशा प्रत्येक चित्राला पारदर्शिका किंवा रूढ भाषेत ‘स्लाइड’ म्हणतात. चित्रातील घटकांना गती देणे, ते ठराविक क्रमाने प्रकट वा लुप्त करणे या क्रियेस सचेतनीकरण (अ‍ॅनिमेशन) ही संज्ञा आहे. संगणकाच्या प्रसारामुळे ही पद्धती सार्वत्रिक झाली असली, तरी स्थिर चित्र, गतिमान चित्र व वक्त्याचा शब्द यांचा मेळ घालण्याचा प्रश्न सु. साडेतीनशे वर्षांहून अधिक जुना आहे. नवशिक्यास ही कला कशी शिकवावी, याचे बरेचसे उत्तर या इतिहासात सापडते.

प्रारंभ : पारदर्शिका दाखविण्याचे पहिले साधन म्हणजे जादूचा कंदील. डबीत ठेवलेला दिवा, त्यामागील अंतर्गोल आरसा, प्रकाश एकवटणारे भिंग, काचेवर रंगविलेले चित्र व प्रतिमा पडद्यावर पाडणारे भिंग हे त्याचे मुख्य भाग होत. भिंगामुळे प्रतिमा उलटी पडत असल्याने काच कंदिलात उलटी बसवावी लागे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांच्या १६५९ मधील कागदपत्रांत या कंदिलासाठी काढलेली लहान रेखाटने आढळतात. त्यांत एक सांगाडा स्वतःचे मस्तक काढून पुन्हा बसविताना दाखविला आहे. म्हणजे कंदिलासाठी योजलेली सर्वांत जुनी ज्ञात चित्रेच गतीचा आभास निर्माण करण्याच्या हेतूने काढलेली होती. स्वतः हायगेन्झ यांना मात्र हे साधन क्षुद्र करमणुकीचे वाटे. १६६२ मध्ये त्यांच्या वडिलांनी असा कंदील पॅरिसला मागविला, तेव्हा एखादे भिंग काढून तो निकामी करावा, असे त्यांनी आपल्या भावास सुचविले होते. ज्ञानसाधन आणि करमणूक यांतील हा ताण पुढे या माध्यमाच्या इतिहासात सतत दिसून येतो.

काचेवरील गतीची तंत्रे : अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेट्रुस व्हान मुसेनब्रुक या डच भौतिकीविज्ञांनी हलत्या काचचित्रांचे प्रयोग केले. पवनचक्कीची इमारत एका स्थिर काचेवर व तिची पाती दुसऱ्या फिरत्या काचेवर रंगवून पाती फिरताना दाखविणे, हे त्यांपैकी ठळक उदाहरण होय. पुढे या तंत्राचे चार प्रकार रूढ झाले : एका काचेवरून दुसरी काच सरकविणे, तरफेने काचेचा भाग थोडा वरखाली करणे, दोरी व कप्पी यांच्या साहाय्याने काच फिरविणे, आणि दात्यांच्या चक्राने ती सावकाश व सलग फिरविणे. यांतील शेवटचा प्रकार ज्योतिषशास्त्राच्या अध्यापनात विशेष उपयोगी पडला. ग्रहांचे सूर्याभोवतीचे भ्रमण, ग्रहणे, पृथ्वीच्या गोलावरून प्रवास करणारे जहाज इ. विषय त्याद्वारे दाखविले जात. दुसऱ्या बाजूस, झोपलेल्या माणसाच्या उघडझाप करणाऱ्या तोंडात एकामागून एक उंदीर शिरत आहेत, असे विनोदी काचचित्र एकोणिसाव्या शतकात अतिशय लोकप्रिय होते. यंत्रणा तीच, पण ग्रहणाच्या चित्रात गती हाच विषय असे, तर उंदरांच्या चित्रात ती केवळ हशा पिकविण्यापुरती असे.

पॅरिसमध्ये १७९८ पासून एत्येन-गास्पार रॉबेर ऊर्फ रॉबर्टसन यांनी पडद्यामागे चाकांवरचा कंदील पुढेमागे हलवून भुतांच्या आकृती वाढताना व विरताना दाखविण्याचे खेळ केले. या खेळांस ‘फँटॅस्मॅगोरिया’ म्हणत. १८२० नंतर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा तापवून मिळणारा प्रखर पांढरा प्रकाश उपलब्ध झाला. त्यामुळे प्रतिमा मोठी व स्पष्ट दिसू लागली आणि शेकडो श्रोत्यांपुढे सचित्र व्याख्यान देणे शक्य झाले. दोन कंदिलांच्या साहाय्याने एक दृश्य विरत असतानाच दुसरे उमलविण्याच्या युक्तीने उन्हाळ्यातील गाव हिवाळ्यातील होई किंवा दिवसाची रात्र होई. लंडन येथे १८३८ मध्ये सुरू झालेली रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन ही संस्था अशा दृश्यांसाठी प्रसिद्ध होती. आधुनिक संगणकीय सादरीकरणात एक पारदर्शिका विरून दुसरी येते, त्या परिणामाचे मूळ येथे आहे. १८६६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बील यांनी तयार केलेल्या ‘कोरूटोस्कोप’ या साधनात सांगाड्याच्या निरनिराळ्या अवस्था खंडित गतीने भिंगापुढे आणून तो नाचताना दाखविला जाई.

छायाचित्र व अध्यापन : फिलाडेल्फिया येथील लँगेनहाइम बंधूंनी १८५० मध्ये काचेवरील छायाचित्राच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. हाताने रंगविलेल्या चित्राच्या जागी वस्तूची यथातथ्य प्रतिमा दाखविता येऊ लागल्याने विद्यापीठांचा या साधनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. जर्मनीत हेर्मान ग्रिम व हाइन्रिख व्होल्फ्लिन या कलेतिहासकारांनी कलाकृतींच्या अध्यापनात प्रक्षेपणाचा वापर केला. दोन चित्रे शेजारी ठेवून त्यांची तुलना करण्याची पद्धत व्होल्फ्लिन यांच्या नावाशी निगडित आहे. येथे गती अजिबात नव्हती. दोन चित्रांच्या सान्निध्यातूनच विचार उभा राहत असे. या साधनाचा उपयोग राजकीय हेतूनेही झाला. ब्रिटिश वसाहत खात्याच्या दृश्य-शिक्षण समितीसाठी हॅल्फर्ड मॅकिंडर या भूगोलज्ञांनी हिंदुस्थानावर लिहिलेली आठ सचित्र व्याख्याने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. साम्राज्याची विशिष्ट प्रतिमा शाळकरी मुलांच्या मनात रुजविणे, हा त्या योजनेचा उद्देश होता. चित्र तटस्थ नसते, त्याच्या निवडीतच एक मत दडलेले असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रातील परंपरा : चित्र दाखवीत कथा सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी रंगविलेली चित्रे एकामागून एक पुढे करून वाद्यांच्या साथीत रामायण-महाभारतातील आख्याने सादर करीत. चित्रे स्थिर असली, तरी ती बदलण्याचा क्षण आख्यानाच्या लयीशी बांधलेला असे. जादूच्या कंदिलाचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयोग कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास सुरू केला. पुराणांतील मायावी शंबरासुरावरून त्यांनी आपल्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. हाताने रंगविलेली काचचित्रे, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था झपाट्याने बदलून साधलेला हालचालीचा आभास आणि त्यांस निवेदन व संगीत यांची जोड, असे या खेळाचे स्वरूप होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्यूम्येअर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर करमणुकीच्या क्षेत्रात चित्रपटाचा प्रभाव वाढत गेला आणि पारदर्शिका मुख्यतः वर्ग, व्याख्यान व प्रचार यांपुरती उरली.

फिल्मपासून संगणकापर्यंत : १९३६ मध्ये ३५ मिमी. रुंदीची कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म स्थिर छायाचित्रणासाठी उपलब्ध झाली व जड काचांची जागा चौकटीत बसविलेल्या फिल्मच्या छोट्या पारदर्शिकांनी घेतली. १९६१ मध्ये कोडॅक कंपनीचा कॅरूसेल प्रक्षेपक बाजारात आला. त्याच्या गोल तबकात सामान्यतः ८० पारदर्शिका मावत. शाळा-महाविद्यालयांत याच सुमारास ऊर्ध्वशीर्ष प्रक्षेपक रूढ झाला. त्यावरील पारदर्शक पत्र्यावर शिक्षक बोलता बोलता लिही, मजकुराचा काही भाग कागदाने झाकून ठेवी आणि विवेचनाबरोबर तो एकेक ओळ उघडी. एकावर एक पत्रे ठेवून आकृती टप्प्याटप्प्याने पूर्णही करता येई. कॅरूसेल व तत्सम प्रक्षेपकांचे उत्पादन कोडॅकने २००४ मध्ये थांबविले.

रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या अमेरिकन कंपनीत विकसित केलेला ‘पॉवरपॉइंट’ हा कार्यक्रम १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १·४ कोटी डॉलरांस विकत घेतली. प्रारंभी त्यातून प्रक्षेपकावर ठेवण्याचे कृष्णधवल पत्रे छापून निघत. गतीचा प्रश्नच नव्हता. १९९० मध्ये विंडोज प्रणालीवरील आवृत्ती आली. १९९२ च्या आवृत्तीपासून संगणकाच्या पडद्यावरूनच थेट सादरीकरण करण्यावर भर देण्यात आला आणि एका पारदर्शिकेकडून दुसरीकडे जाण्याचे दृश्यपरिणाम त्यात आले. २००२ च्या आवृत्तीत घटकाचा प्रवेश, त्यावरील भर, त्याचे निर्गमन व त्याच्या हालचालीचा मार्ग असे सचेतनीकरणाचे चार वर्ग करण्यात आले. काचेच्या युगातील सरक, तरफ, कप्पी व चक्र यांचे कार्य आता एका कळीवर आले.

या सुलभतेचा दूरगामी परिणाम झाला. हलते काचचित्र घडविण्यास कुशल कारागीर व पैसा लागत असे. साहजिकच गती मोजक्या ठिकाणी योजली जाई. संगणकाने हा खर्च नाहीसा केला आणि त्याबरोबर संयमाचे एक नैसर्गिक कारणही नाहीसे झाले. शब्द गिरक्या घेत येणे, चित्रे उड्या मारणे, प्रत्येक ओळीबरोबर आवाज होणे, हे नवशिक्याच्या सादरीकरणाचे ओळखीचे दोष याच सुलभतेतून उद्‌भवले आहेत.

महाराष्ट्रातील प्रशिक्षण : संगणकीय सादरीकरणाचे शिक्षण महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पोहोचविण्याचे कार्य महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड (स्थापना २००१) या संस्थेच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने केले. लाखो विद्यार्थी, गृहिणी व शासकीय कर्मचारी यांनी पहिली पारदर्शिका या अभ्यासक्रमात तयार केली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने ‘लिब्रेऑफिस इंप्रेस’ या मुक्त प्रणालीवरील धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध केले. धडा ऐकत असतानाच शिकणाऱ्याने तीच कृती आपल्या संगणकावर करावयाची, अशी त्यांची रचना आहे. मराठी मजकुराची एक स्वतंत्र अडचण दीर्घकाळ होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत मात्रा व वेलांट्या अलग चिन्हे म्हणून साठविल्या जात. तोच टंक दुसऱ्या संगणकावर नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत आणि अक्षरागणिक गती दिल्यास मात्रा अक्षरापासून सुटून येई. युनिकोडमुळे यातील पहिली अडचण बव्हंशी दूर झाली.

अध्यापनाची तत्त्वे : चित्र व शब्द यांच्या एकत्रित परिणामाविषयी रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विस्तृत प्रायोगिक संशोधन केले (मल्टिमीडिया लर्निंग, २००१). विषयाशी संबंध नसलेली आकर्षक चित्रे व ध्वनी वगळल्यास आकलन सुधारते. आकृती व तिचे स्पष्टीकरण जवळजवळ असावे. वक्ता जे बोलतो, तोच मजकूर पडद्यावर जसाच्या तसा देऊ नये, असे त्यांचे काही निष्कर्ष आहेत. बार्बरा ट्व्हर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सचेतनीकरणावरील अभ्यासांचे परीक्षण केले. गतिमान चित्र स्थिर चित्रापेक्षा सरस ठरते, हा सार्वत्रिक समज त्यांना निराधार आढळला. गतीचा आशयाशी मेळ असावा आणि ती पाहणाऱ्यास नीट टिपता येईल इतकी सावकाश व स्पष्ट असावी, या दोन अटी त्यांनी सांगितल्या.

यावरून नवशिक्याच्या शिक्षणाचा क्रम ठरविता येतो. प्रथम संगणक बाजूस ठेवून काय सांगावयाचे ते प्रत्येक पारदर्शिकेसाठी एकेका वाक्यात कागदावर लिहून घ्यावे. नंतर त्या वाक्याला चित्र, आकृती, आलेख यांपैकी कशाची गरज आहे हे ठरवावे. कशाचीच नसल्यास ते वाक्य केवळ बोलावे. चित्र मोठे, एकच व शेवटच्या रांगेतून ओळखू येईल असे असावे. सचेतनीकरण सर्वांत शेवटी शिकवावे आणि प्रारंभी ‘प्रकट होणे’ हा एकच परिणाम वापरू द्यावा. रुधिराभिसरण शिकविताना हृदयाची स्थिर आकृती आधी दाखवून उजवा कर्णिकानिलय, फुप्फुसे, डावा कर्णिकानिलय व शरीर या क्रमाने एकेक बाण प्रकट करणे, हा चांगला पाठ होय; कारण येथे चित्रातील क्रम व विषयातील क्रम एकच आहे. तेच हृदय गोल फिरत पडद्यावर आणल्याने आकलनात काहीही भर पडत नाही. गती काढून टाकल्यास अर्थ उणावतो की नाही, ही या बाबतीतील साधी कसोटी होय.

मर्यादा : पारदर्शिकेचा आकार व मुद्द्यांची उतरंड विचारालाही आकार देतात. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयानाच्या उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना या आघाताचे मूल्यमापन पारदर्शिकांच्या रूपाने अधिकाऱ्यांपुढे ठेवण्यात आले. त्यांतील एका पारदर्शिकेचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेल्या तुकड्याचे घनफळ सु. १,९२० घन इंच, तर ज्या चाचणीच्या आधारे अनुमान काढले त्यातील तुकड्याचे केवळ ३ घन इंच होते, ही निर्णायक बाब तळाच्या दुय्यम ओळीत गेली होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात यान भंग पावून कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात एडवर्ड टफ्टी यांचे या पारदर्शिकेचे विश्लेषण उद्‌धृत केले आणि तांत्रिक अहवालांऐवजी पारदर्शिका वापरण्याच्या प्रथेवर टीका केली. दुर्घटनेचे कारण पारदर्शिका हे नव्हते. परंतु धोक्याची सूचना मांडणीमुळे दृष्टीआड होऊ शकते, हे त्यातून दिसून आले. म्हणून महत्त्वाची गोष्ट पारदर्शिकेच्या मथळ्यात, मोठ्या अक्षरांत व पूर्ण वाक्यात मांडावी, हा पाठ नवशिक्यास रंग, चित्रे व गती यांच्याही आधी दिला जाणे आवश्यक आहे.