कूस बदलणारे हात

नर्सचा इतिहास म्हटलं की आपल्यापुढे हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी राहते. तिचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. ते योग्यच आहे. पण या इतिहासात एक पान मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसचंही हवं, असं मला वाटतं.

अरुणा शानभाग मूळची आमच्या कर्नाटकातलीच. किनाऱ्यावरच्या होन्नावर तालुक्यातलं हळदीपूर तिचं गाव. नर्स व्हायला ती मुंबईला गेली आणि केईएममध्ये लागली. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. जीव वाचला, पण बोलणं, चालणं, सगळं गेलं. आरोपीला चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्याचीच शिक्षा झाली, सात वर्षांची. बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही.

तेव्हा मुंबईच्या नर्सेस संपावर गेल्या. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हालाही सुरक्षितपणे काम करता येऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचा प्रयत्न केला. तेव्हाही नर्सेस आडव्या आल्या. अरुणा तिथेच राहिली.

मैत्रिणींनो, घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं जिने केलंय, तिला बेडसोअर म्हणजे काय ते सांगायला नको. चार दिवस दुर्लक्ष झालं की पाठ सोलवटते. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा परिचर्येचा नियम. हिशेब मांडून बघा. दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८०. ४१ वर्षांचे होतात जवळजवळ १ लाख ८० हजार. आणि २०११ पर्यंतच्या सगळ्या वर्षांत अरुणाला एकही बेडसोअर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. २०१० मध्ये मलेरिया होईपर्यंत तिला मऊ कालवलेलं अन्न तोंडानेच भरवत. तिला ओळखणाऱ्या नर्सेस निवृत्त झाल्या, १९७३ नंतर जन्मलेल्या मुली ड्यूटीवर आल्या, तरी हे व्रत मोडलं नाही.

तिला या यातनांतून सोडवावं, म्हणून पत्रकार पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. त्यांच्याही मनात कळवळाच होता. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने ती मागणी फेटाळली. निष्क्रिय दयामरणाला कडक अटींवर वाट दिली, पण अरुणाच्या बाबतीत बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं. म्हणजे रक्ताच्या नात्याइतकाच सेवेचाही हक्क असतो, हे कायद्याने मानलं. नर्सेसनी त्या दिवशी पेढे वाटले. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने अरुणा गेली.

त्या नर्सेसना देवी म्हणून हात जोडणं सोपं आहे. पण त्या १९७३ मध्ये संपावर गेल्या होत्या, हे आपण विसरू नये. रात्रपाळीच्या सिस्टरला कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे ना, एवढं आपण आपल्या गावच्या दवाखान्यात विचारलं तरी पुष्कळ झालं.