व्होल्टेज घट (रेडिओ-नियंत्रित मोटारी)
विजेवर चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मोटारीत थ्रॉटल दाबताच बॅटरीचा विद्युत्‌दाब क्षणभर खाली येतो, त्याला व्होल्टेज घट म्हणतात. मूळ कारण बॅटरीचा अंतर्गत रोध. १० मिलिओहम रोधाच्या बॅटरीतून ५० अँपिअर प्रवाह ओढला, की अर्धा व्होल्ट आतच खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. दोन सेलांची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भारित असताना ८.४ व्होल्ट देते, मग बराच वेळ ७.४ च्या आसपास टिकते आणि शेवटी झपाट्याने कोसळते. सेलमागे सुमारे ३.२ व्होल्टवर वेगनियंत्रक शक्ती तोडतो, तो बॅटरी त्याखाली कोसळू नये म्हणूनच. थंडीत व जुन्या बॅटरीत रोध वाढतो. त्यामुळे घट वाढून गाडी वळणातून बाहेर पडताना रेंगाळते. मात्र पुष्कळदा खरा दोष सैल किंवा काळवंडलेल्या कनेक्टरचा असतो आणि हौशी मंडळी उगीच नवी बॅटरी आणतात.